विरजण लावलंय, भांडं हलवू नकोस

चिऊ, काल रात्री साडेअकराला पाठवलेले तुझे सातही फोटो पाहिले. टाकी देखणी आहे, स्टँडही भक्कम दिसतोय. पण शेवटच्या फोटोत दुकानाच्या काउंटरवर फुगवलेली पिशवी, तिच्यात दोन क्लाउनफिश आणि खाली तुझा प्रश्न, "ताई, उद्या घेऊ?" तो वाचला आणि झोपच उडाली माझी. लगेच उत्तर दिलं नाही, कारण नुसतं "नको" लिहिलं असतं तर तू रुसली असतीस आणि सकाळी जाऊन मासे घेऊनच आली असतीस. ओळखते मी तुला. म्हणून आज दुपारची भांडी तशीच ठेवून चहाचा कप घेऊन लिहायला बसलेय. तूही दोन मिनिटं टेक.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तिच्यात जे जे मेलं, त्यातलं रोगाने मेलेलं थोडं. बाकीचं माझ्या हातांनी मेलं, आणि तेही निष्काळजीपणामुळे नाही, फाजील काळजीमुळे. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की हात शिवशिवायचे. हे घाल, ते काढ, दगड हलव, औषध टाक. तुझा स्वभाव तर माझ्याहून उतावळा. म्हणून हे सगळं आधीच सांगून ठेवते.

आई रात्री दही लावायची ते आठवतंय? कोमट दुधात विरजण घालून भांडं झाकून ठेवायची आणि तू दर तासाला उठून बोट घालून बघायचीस, लागलं का म्हणून. सकाळी दही पातळ, आणि आईचा ओरडा आपल्या दोघींना. तुझ्या टाकीचं आत्ता तसंच आहे बघ. मासा खातो, घाण करतो, उरलेलं अन्न कुजतं आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाचे कल्ले अक्षरशः भाजून काढतो. समुद्रात हा अमोनिया संपवणारे जिवाणू प्रत्येक दगडावर वसलेले असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येतं. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत खडक, वाळू, खारं पाणी, चालू पंप आणि जिवाणूंना खुराक म्हणून चिमूटभर माशांचं खाद्य, एवढंच. किटने तपासत राहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की समज, दही लागलं. तोवर भांडं हलवायचं नाही.

आता पाण्याविषयी. तुझी टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ भरली तर १९० लीटर. पाणी, खडक, वाळू, काच, स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या आसपास जाईल. ती खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत ठेव, जिथे खाली बीम असेल तिथे. मीठ लागेल लीटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे सुरुवातीलाच सातेक किलो. हे मीठ म्हणजे रीफसाठी मिळणारं सागरी मीठ. डब्यातलं आयोडिनयुक्त नव्हे, आणि मिठागरावरून आणलेलं खडेमीठही नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळं मापात असलेलं मिश्रण लागतं.

आणि ज्या पाण्यात ते मीठ घालशील, त्याची तर आणखी काळजी. मागे तू कौतुकाने सांगितलं होतंस की तुमच्या नव्या प्युरिफायरमध्ये पाण्यात तांबं उतरतं, तब्येतीला चांगलं असतं म्हणून. ते पाणी तुम्ही प्या, टाकीत थेंबभरही नको. आपल्याला तांब्याच्या भांड्यातलं पाणी औषध वाटतं, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना अगदी थोडं तांबंही जीवघेणं असतं. शिवाय घरगुती आरओ बहुधा चवीसाठी पाण्यात थोडे क्षार परत सोडतो. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआयची नळी जोडलेलं वेगळं छोटं यंत्र घे. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

तुझे सासरे म्हणतील, "मालवणहून दोन कॅन पाणीच आणतो की!" प्रेमाने म्हणतील, पण नको म्हण. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गावाचं सांडपाणी येतं, पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारेपणा उतरतो आणि कॅनमध्ये बंद झालेले सूक्ष्मजीव वाटेतच मरून कुजायला लागतात.

आता माझी स्वतःची फजिती ऐक. पहिल्याच उन्हाळ्यातली. नाशिकचा मे महिना, टाकीवर पंखा लावलेला, रोज तीन लीटर पाणी उडून जायचं. पाण्याची पातळी खाली गेली की मी ड्रममधलं खारं पाणी ओतायची. खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालायचं, असं साधं डोकं चालवलं. पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. आमटी आटली की खारट होते, हे स्वयंपाकघरात कळत होतं आणि बाहेरच्या खोलीत कळलं नाही! दिवसाला शंभर ग्रॅम मीठ जास्तीचं. दहा दिवसांनी मोजलं तर खारेपणा ३५ वरून ४० च्या वर गेलेला.

पण चिऊ, त्याने कोणी मेलं नव्हतं. सगळे मलूल होते, पण जिवंत होते. मेले ते त्यानंतर. मी घाबरले, बादल्या भरभरून खारं पाणी उपसलं आणि गोडं पाणी ओतून तासाभरात आकडा ३५ वर आणला. किती हुशारी केली असं वाटलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कोळंब्या आडव्या. ज्या जिवांनी दहा दिवसांत हळूहळू जमवून घेतलं होतं, त्यांना मी एका तासात उलटं फिरवलं. चूक दुरुस्त करताना माणूस जी घाई करतो ना, ती चुकीपेक्षा महाग पडते. तोच आकडा आठवडाभर रोज थोडा थोडा उतरवला असता तर त्या वाचल्या असत्या.

म्हणून रोज उडून गेलेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं, शून्य टीडीएसचं पाणी घालायचं. आपोआप पाणी भरणारा सेन्सर मिळतो, जमलं तर तो घेच. खारं पाणी लागतं ते आठवड्याचं दहा टक्के पाणी बदलताना. तेही आदल्या रात्री वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून कालवून ठेवायचं. टाकीत थेट मीठ टाकायचं नाही.

उन्हाळ्यात मात्र तुझं आणि माझं जमणार नाही. नाशिकची हवा कोरडी, इथे माठातलं पाणी जसं गार होतं तशी टाकीही पंख्याने दोन-तीन अंश उतरते. ठाण्याच्या दमट हवेत माठही धड गार होत नाही, मग टाकी कशी होणार? प्रवाळाला २५-२६ अंश मानवतं. समुद्रातसुद्धा उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या पेशींतली शेवाळं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ती शेवाळंच उजेडावर त्याला अन्न करून देतात, ती गेली की तो उपाशी. तेव्हा चिलरचे पैसे आधीच बाजूला काढ. माशांवर होतो तो खर्च सगळ्यात कमी, विजेच्या बिलाचा खरा. एखाद्या दिवशी पारा चढलाच तर बर्फ ओतू नकोस. झाकण घट्ट लावलेली गोठवलेली बाटली तरंगत ठेव आणि तीही एकावेळी एकच.

दुसऱ्या महिन्यात तुझा फोन येणार, हे मी आत्ताच लिहून देते. "ताई, सगळी वाळू तपकिरी झाली!" ती डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. मग लालसर साय धरेल, मग खडकांना हिरवी दाढी येईल. नव्या घरातल्या पहिल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते तसं हे. जवळपास प्रत्येक टाकी यातून जाते. यावर दुकानात बाटल्या मिळतात. घेऊ नकोस. काहींमध्ये चक्क प्रतिजैविकं असतात, लाल साय जाते आणि सोबत विरजणालाही धक्का बसतो. खाद्य कमी कर, दिवा आठ तासांवर आण, पाणी नेमाने बदल, शेवाळ हाताने उपट, गोगलगायी सोड. आणि स्किमर चालू ठेव. गुऱ्हाळात उकळत्या काहिलीवरची मळी झाऱ्याने काढतात ना, तेच काम तो करतो. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण फेसासारखी वर येते आणि कपात जमते. तो कप धुवायचा मात्र कंटाळा करू नकोस, वास जबरदस्त येतो.

आणि एक उलटी गंमत. पाणी फार स्वच्छ करायच्या नादात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेस, तर डायनो नावाची चिकट तपकिरी बला येते आणि ती हटता हटत नाही. थोडी घाण हवीच. सासूबाईंना हे पटणार नाही, पण टाकीला पटतं.

खडकावर काचेसारखं पारदर्शक, फुलासारखं काही उगवलेलं दिसलं तर खूश होऊन फोटो पाठवू नकोस. ते एप्टेशिया. दिसायला गोड, पण आहे रक्तबीज. उपटायला गेलीस आणि एक तुकडा मागे राहिला की त्यातून नवं उभं राहतं. माझ्या टाकीत एकाची वीस झाली होती ती चिमट्यामुळेच. चुन्याची घट्ट लापशी सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडायची, पंप काही मिनिटं बंद ठेवून. चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पानाच्या डबीतला नाही. याच चुन्याची निवळी करून रीफवाले टाकीला कॅल्शियमही देतात. तुला सुरुवातीला तिची गरज नाही, पाणी बदलूनच भागेल.

चुन्याची गरज का नाही, तर तू कडक प्रवाळ ठेवणार नाहीयेस. हे मात्र मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते. २००१ साली आपल्या सरकारने रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघ आहे त्याच अनुसूचीत. काळा प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडेही त्या वेळी आत आले. दुकानदार हळूच म्हणेल, "ताई, आतल्या खोलीत एक मस्त पीस आहे." तू बाहेरच्या खोलीतूनच परत फिर. परदेशातून आलेल्याही कडक प्रवाळाला साइटीसचे, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच सांगाडा असतो, तोही नको. सासऱ्यांनी किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही नको. सिरॅमिकचे तयार खडक मिळतात, सहा महिन्यांत ते ओळखूही येत नाहीत. मश्रूम, झोअँथिड, लेदर, झेनिया हे मऊ जीव घे. पंपाच्या झुळकीवर डोलतात, नवशिक्याच्या चुका सोसतात. माझी टाकी आजही याच मंडळींची आहे आणि मला काही कमी वाटत नाही.

फक्त झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाल. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. त्यांचा खडक साफ करायला म्हणून गरम पाण्यात उकळायचा नाही, कधीच नाही. ती वाफ श्वासात जाऊन घरंच्या घरं इस्पितळात गेलेली आहेत. तुझ्या घरात लहान मूल आहे आणि म्हातारं माणूसही आहे, म्हणून हे दोनदा सांगते.

आता माशांकडे येते, म्हणजे तुझ्या लेकाच्या निमोकडे. क्लाउनफिश घे, पण टाकीतच पैदास झालेले माग. आपल्याकडे मंडपमच्या आणि विळिंजमच्या संशोधन केंद्रांत त्यांची पैदास कधीचीच जमलीय, आता ऐरोलीतही करतात, तुझ्यापासून अर्ध्या तासावर. तसे मासे कोरडं खाद्य खातात आणि समुद्रातून कोणाला ओरबाडून आणावं लागत नाही. दोन घे, एक मोठा, एक लहान. सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो आणि घर चालवतो. लेकाला सांग, आपल्या घरासारखंच. पण त्याला निळी डोरीही हवी असेल, तर तिथे ठाम राहा. ती फूटभर वाढते, तीन फुटांच्या टाकीत तिने फिरायचं कुठे? तुझ्या टाकीत तीन-चार छोटे मासे, बास. आणि निमो म्हणजे ॲनिमोन असा हट्ट पहिल्या वर्षी धरायचा नाही. ॲनिमोन जागा बदलत फिरतो, एखाद्या रात्री पंपात अडकतो आणि सकाळी सगळी टाकी नासलेली असते.

प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत. आपल्याकडे प्रवासातून आल्यावर पाय धुऊन घरात येतात ना, तसं समज. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो क्रिप्टोकॅरियॉन. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण त्या वेगळ्या टाकीतच. मोठ्या टाकीत घातलंस तर मासा बरा होईल आणि बाकी सगळं मरेल. रोग मोठ्या टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. महिनाभराचा कंटाळा परवडला.

घरातले काही नियम फ्रिजवर चिकटव. टाकीच्या खोलीत झुरळांचा, डासांचा फवारा नाही. स्किमर खोलीतली हवाच पाण्यात ओढतो आणि या कीटकनाशकांपुढे मासे आणि कोळंबी टिकत नाहीत. पेस्ट कंट्रोल, रंगकाम असलं तर आधी मला फोन. हाताला क्रीम, उटणं, अत्तर असताना हात पाण्यात नाही. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोका दे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथूनच ठिपकेल. आरसीसीबी बसवून घेतल्याशिवाय एकही बटण दाबू नकोस, खारं पाणी आणि वीज यांची गाठ वाईट. वीज गेली की आधी प्राणवायू संपतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी ठेव. इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइन वेव्हचा.

आणि गणपतीत आठ दिवस मालवणला जाल तेव्हा? शेजारच्या वहिनी हौसेने खाद्य घालतील, आणि हौसेनेच टाकी बुडवतील. मासा काचेपाशी आला की भूक लागलीय असं प्रत्येकाला वाटतं. औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी असते ना, तिच्यात रोजचं मोजून भरून दे आणि मोठा डबा कपाटात कुलूप लावून ठेव. एखादा दिवस उपास पडला तर मासा मरत नाही. जास्त पडलं तर मरतो.

मालवणचा विषय निघालाच आहे तर एक कर. पावसाळा सरला की लेकाला घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला जा. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ जिवंत बघायला मिळतो. आणि तेवढं थांबवत नसेल तर मोठ्या ओहोटीला वरळीच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर जाऊन ये, मुंबईच्या त्या गढूळ पाण्यातही प्रवाळ तग धरून आहे. दोन्हीकडे हात मागे बांधून बघायचं. काही उचलायचं नाही, काही उलटायचं नाही. तीच सवय घरी टाकीसमोर उपयोगाला येईल.

तर आजचं काम एवढंच. ती पिशवी दुकानातच राहू दे, त्या माशांच्या जागी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटचं किट घे. एक वही कर, तारीख घालून रोज खारेपणा आणि तापमान लिही. आकडा बिघडलेला दिसला तर आधी पुन्हा एकदा मोज, मग मला फोन कर, आणि आपलं बोलणं होईपर्यंत टाकीत हात घालू नकोस. सहा आठवड्यांनी वही घेऊन ये. मासे आणायला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.